जनूभाऊंनी न जोडलेली कवळी

फोन वाजला तेव्हा फणसेबाई खुर्चीत होत्या आणि त्यांच्या तोंडात मापाचा ट्रे होता. कवळीचं माप घेताना त्या ट्रेमध्ये एक गुलाबी लगदा भरायचा, टाळूला दाबून धरायचा आणि दोन-तीन मिनिटांत तो घट्ट झाला की अलगद काढायचा, एवढंच काम. पण त्या दोन-तीन मिनिटांत डॉक्टरने जागचं हलायचं नसतं. पंधरा वर्षांत मी हललो नव्हतो. त्या सकाळी मात्र फोन वाजतच राहिला, आणि मी फणसेबाईंना ‘थांबा हं’ अशी खूण करून तो उचलला. पलीकडे रेखा होती, जनूभाऊंची मुलगी. “काका, बाबा गेले... पहाटे. कोलशेतच्या घरीच,” एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी रिसीव्हर कानाला तसाच धरून उभा राहिलो. किती वेळ, ते फणसेबाई सांगू शकल्या असत्या, पण त्यांना बोलता येत नव्हतं. मागून ‘उं... उं...’ असा आवाज यायला लागला तेव्हा मी वळलो. ट्रे टाळूला असा चिकटला होता की दोन्ही हात लावूनही हलेना. शेवटी सुटला तो मोठा आवाज करून, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माफी मागायची सोडून मी म्हणालो, “माप मात्र छान आलंय.” बाईंनी पदराने तोंड पुसलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “माप राहू दे डॉक्टर, कोण गेलं?”

कोण गेलं, हे मला त्यांना धड सांगता आलं नाही. “आमचे कवळ्या करणारे,” असं काहीतरी म्हणालो. फणसेबाईंना वाटलं असणार, कवळ्या तर डॉक्टरच करतात. सगळ्यांना तसंच वाटतं. आम्ही माप घेतो, बसवतो, नावाची पाटी आमची असते. मधलं सगळं काम एका खोलीत, स्टोव्हच्या आणि प्लास्टरच्या संगतीत कुणी दुसराच माणूस करत असतो आणि पेशंटला त्याचं तोंडही ठाऊक नसतं. आमच्यासाठी तो माणूस म्हणजे जनार्दन नाखवा, आमचे जनूभाऊ. डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवर, कारखान्यांची वस्ती सुरू होते त्याच्या अलीकडे, त्यांची एका खोलीची लॅब होती. त्यांना जाऊन आता पाच आठवडे झाले. त्यांच्याविषयी लिहायला बसलोय, पण खरं सांगायचं तर त्यात एक कबुलीजबाबही आहे. त्यांच्या नावाला दहा वर्षांपूर्वी एक डाग लागला. तो माझा होता, आणि ते हयात असेपर्यंत मी तो पुसला नाही. तेवढं लिहून थांबायला हवं. पण मला गोष्ट सरळ सांगता येत नाही, आमच्या घरात कुणालाही विचारा.

माझा दवाखाना त्र्याऐंशीच्या सुमाराला सुरू झाला. खाली दवाखाना, वर दोन खोल्यांत आम्ही. खुर्ची सेकंडहँड, ती वर जायची पण खाली यायला कुरकुरायची. पहिलंच कवळीचं माप मी कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून मोठ्या ऐटीत लॅबला पाठवलं. दुसऱ्या दिवशी एक काळासावळा, काटक, चाळिशीकडे झुकलेला माणूस ते वर्तमानपत्र घेऊन माझ्यासमोर उभा. “डॉक्टर, ह्यो माप सुकला. आकसला. ह्याच्यावर कवली केली तर बसंल, पन तुमच्या पेशंटच्या तोंडात नाय, तिच्या नातीच्या.” मी ओशाळलो. त्यांनी खिशातून ओला रुमाल काढला, माप कसं गुंडाळायचं ते दाखवलं आणि म्हणाले, “आपल्या धंद्यात सगला पान्याचा खेल हाय बगा. कदी पायजे नि कदी नको, येवडा समजला का झाला.” पाच वर्षं कॉलेजात शिकून मला जे कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं, ते कोलशेतच्या कोळीवाड्यातल्या या माणसाने उभ्या उभ्या सांगितलं.

कोलशेतला त्यांच्या वडिलांची होडी होती. खाडीत मासा कमी होत गेला तसे धाकटे भाऊ कारखान्यात लागले, आणि जनूभाऊ मुंबईला सरकारी दवाखान्यात दातांच्या लॅबचं काम शिकून आले. पण हवेतलं पाणी ओळखायची विद्या त्यांनी घरून आणली होती. त्यांची आई जवळा वाळवायची. आज चटई पसरायची की नाही, हे ती सकाळी मिठाच्या मडक्यात बोट घालून ठरवायची. जनूभाऊंनी तेच लॅबमध्ये केलं. खिडकीत एका बशीत जाडं मीठ ठेवलेलं असायचं. आल्या आल्या त्यात बोट फिरवायचे. मीठ कोरडं खडखडीत असलं तर मोडक्या कवळ्या जोडायला घ्यायचे. मिठाला घाम फुटला असेल तर म्हणायचे, “आज नाय. आज घासकाम.” मी एकदा हसलो तेव्हा त्यांनी माझं बोट धरून बशीत घातलं. “हसा. पन आदी बोट बगा.” बोट चिकट झालं होतं.

कवळी ज्या ॲक्रिलिकची होते, त्याची पावडर आणि लिक्विड मिसळून कणकेसारखा गोळा करतात. तो प्लास्टरच्या साच्यात दाबायचा, साचा पितळी डब्यात घट्ट आवळायचा आणि डबा पाण्यात उकळायचा. गंमत अशी की चहूबाजूंनी पाणी उकळत असतं, पण आतल्या गोळ्याला प्लास्टरमधलं पाणी लागून चालत नाही. लागलं तर कवळी पांढुरकी पडते, आतून कच्ची राहते. म्हणून जनूभाऊ साच्याला आतून एका पातळ द्रवाचा हात देत, सुकला की दुसरा हात देत, आणि मग साच्यात वाकून अशी फुंकर घालत की वाटावं आत कुणी झोपलंय. आणि एकदा कवळी तयार झाली, की उलटा कायदा. मग तिला पाण्याबाहेर ठेवायचंच नाही. पहिल्यांदा दोन दिवस पाण्यात राहिल्याशिवाय कवळी त्यांच्या लॅबमधून बाहेर पडायची नाही, मग पेशंटच्या घरी लग्न असो की बारसं. डॉक्टर लोक वैतागायचे. “दोन दिवस कशाला?” जनूभाऊ शांतपणे म्हणायचे, “ती पानी पिते. आदी आपल्याकडं पिऊ द्या, थोडी फुगंल, बसंल, मंग तोंडात जाऊ द्या.” दवाखान्यात प्रत्येक पेशंटला मी जे बजावून सांगायचो, ‘रात्री कवळी काढली की वाटीत पाणी घालून ठेवा, टेबलावर कोरडी टाकू नका’, ते वाक्य माझं नव्हतंच. मी ते त्यांच्याकडून पाठ केलं होतं, आणि माझ्या मते चांगलं पाठ केलं होतं.

एका रविवारी मी लॅबवर गेलो तर जनूभाऊ जमिनीवर बसलेले, आणि समोर दोन स्टुलांच्या मधे ॲक्रिलिकची एक पट्टी आडवी ठेवलेली, बोटाएवढी रुंद. पट्टीला मधोमध दोऱ्याने शिशाची वजनं लटकवलेली. ती वजनं मी ओळखली. मासे धरायच्या जाळ्याला खालून लावतात तीच, वडिलांच्या जुन्या जाळ्याची. एक एक वजन वाढवत ते पट्टी कधी मोडते ते बघत होते. त्यांच्याकडे पट्ट्यांच्या तीन जुड्या होत्या. एक वर्षभर पेटीत कोरडी ठेवलेली. एक वर्षभर पाण्यात. आणि एक रोज पाण्यातून काढून वाळवलेली, पुन्हा पाण्यात टाकलेली, आळशी पेशंटच्या कवळीसारखी. कोरडी पट्टी ताठ राहिली, जास्त वजन सोसलं, आणि मग काही कळायच्या आत टक्कन मोडली. पाण्यातली आधी वाकली. वाकत वाकत थोड्या कमी वजनाला गेली, पण सांगून गेली. आणि ती तिसरी... तिच्या अंगावर उजेडात धरल्यावर केसासारख्या बारीक रेघा दिसत होत्या, ती सगळ्यात आधी मोडली. जनूभाऊंनी शाळेच्या वहीत तिन्ही रकान्यांत आकडे लिहिले. “सुकी कडक असते,” ते म्हणाले, “पन धीर नाय तिला. ओली जरा नरम, पन दमदार. नि रोज बदलनारी, ती कामातनं गेली.” मी विचारलं, हे कुणाला दाखवणार? ते म्हणाले, “कुनाला कशाला? मना बगायचा व्हता.”

आता ती गोष्ट.

ठाण्याला खोपटला, एस.टी. डेपोच्या मागच्या चाळीत सोनवणे गुरुजी राहतात. पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले, बुद्धविहारात शिकवणारे, आवाज असा की माईक लागू नये. त्यांची वरची कवळी माझ्याकडची, म्हणजे जनूभाऊंची. अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात त्यांच्या नातीचं लग्न ठरलं आणि वंदना, मंगलसुत्त सगळं गुरुजीच म्हणणार होते. आदल्या दिवशी सकाळी धुताना कवळी हातातून निसटून मोरीत पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. त्यांचा मुलगा मिलिंद, तो एस.टी.तच आहे, स्टीलच्या डब्यात पाणी आणि पाण्यात ते तुकडे घेऊन डोंबिवलीला आला. “डॉक्टर, उद्या दहाला लग्न आहे. बाबा तोंडाला रुमाल लावून बसलेत. काहीही करा.” मी म्हणालो, “लॅबला पाठवतो. संध्याकाळी सहाला या.” तो गेला आणि मग मला आठवलं की लॅबला कुलूप आहे. जनूभाऊ पुतण्याच्या लग्नाला तीन दिवस कोलशेतला गेले होते. जाताना सांगून गेले होते, “मधी काय मोडला तर सुकवून ठेवा. मी येऊन जोडीन. तुमी हात लावू नका.”

मी दुसऱ्या लॅबला पाठवू शकलो असतो. मिलिंदला फोन करून खरं सांगू शकलो असतो. पण माझ्याकडे जोडायची पावडर होती, लिक्विड होतं, पदवी होती. जनूभाऊंना वीस वेळा जोडताना पाहिलं होतं. त्यात काय आहे, असं मला वाटलं. आणि इथे मी जे केलं ते फक्त माझ्यासारख्या पाठांतर करणाऱ्यानेच करावं... कवळी पाण्यात ठेवायची, हा धडा मला पक्का पाठ होता, म्हणून दिवसभर पेशंट बघताना ते दोन तुकडे मी इमानदारीने पाण्यात ठेवले. मध्ये एकदा पाणी बदललंसुद्धा. मोडलेली कड तासन्‌तास सुकवायची असते, तिने प्यायलेलं पाणी जाऊ द्यायचं असतं, कड तासायची, आधी लिक्विडने ओली करायची, मग पावडर, हे सगळं मी विसरलो होतो. साडेपाचला तुकडे बाहेर काढले, नॅपकिनने पुसले, रबरी फुग्याने दोन वेळा हवा मारली आणि जोडले. बाहेर दमट उकाडा इतका होता की माझ्या कोपरावरून घाम टेबलावर पडत होता. जोडाच्या रेषेवर दुधाळ सायीसारखं काहीतरी दिसलं. मी ते घासून चकाकी आणली, तरी रेष राहिलीच. सहाला मिलिंद आला. “झाली का लॅबमधून?” “झाली,” मी म्हणालो.

लग्नाला मलाही बोलावलं होतं. शैला, माझी बायको, मुलांना घेऊन माहेरी गेली होती, मी एकटाच गेलो आणि तिसऱ्या रांगेत बसलो. गुरुजींनी पांढरंशुभ्र उपरणं घेतलं होतं. वंदना सुरू झाली. तो आवाज, सगळा हॉल उभा, नात समोर हात जोडून... आणि त्रिशरण म्हणता म्हणता आवाज मधेच तुटला. गुरुजींनी मान वळवली, हात तोंडाशी नेला आणि मूठ मिटली. अर्धी कवळी त्या मुठीत होती. कुणाला काही कळलं नाही, मला कळलं. दोन क्षण हॉलमध्ये नुसते पंखे फिरत होते. मग नात पुढे झाली आणि जिथे थांबलं होतं तिथून तिने स्वतः म्हणायला सुरुवात केली, आणि सगळे तिच्या मागून म्हणायला लागले. गुरुजी शेवटपर्यंत तशीच मूठ मिटून उभे राहिले. मी जेवलो नाही, एवढं मात्र केलं.

दुसऱ्या दिवशी मिलिंद दवाखान्यात आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने तुकडे टेबलावर ठेवले आणि विचारलं, “कुणी जोडली ही?” खुर्चीत पेशंट होता, बाकावर आणखी दोघे. मी म्हणालो, “लॅबमध्ये.” “कुठली लॅब?” मी पत्ता दिला.

पुढचं मला ठाण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांकडून कळलं. जनूभाऊंचं निम्म्याच्या वर काम त्यांच्याकडून यायचं, आणि ते त्या वेळी नेमके लॅबमध्ये बसले होते. मिलिंद तावातावाने बोलला. त्याचं बरोबर होतं. जनूभाऊंनी तुकडे हातात घेतले, खिडकीशी नेले, ती पांढरी रेष पाहिली. एक मिनिटभर पाहिली म्हणे. तो जोड त्यांचा नव्हता. त्या दिवशी ते तिथे नव्हतेच, दाराला कुलूप होतं, हे सांगायला त्यांना एक वाक्य पुरलं असतं. ते म्हणाले, “माज्याकडनं झाला, भाऊ. नवी करून देतो.” मोठ्या डॉक्टरांनी मला फोन केला. “तुमचा नाखवा प्रामाणिक आहे हो, तोंडावर कबूल झाला. पण आता माझं काम नाही देणार त्याला. माझ्या पेशंटचं असं झालं तर?” मी ‘हं’ म्हणालो. जनूभाऊ त्या वर्षी शेजारची खोली घेणार होते, मदतीला दोन माणसं ठेवणार होते. ती खोली नंतर एका टेलरने घेतली. जनूभाऊ शेवटपर्यंत एकाच खोलीत, एकट्याने काम करत राहिले.

ते कबूल का झाले, हे मला त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. इथे त्यांच्या तोंडी एखादं छानसं वाक्य घालायचा मोह होतो. घालत नाही. आजवर खूप घातली. एवढंच सांगतो की पुढच्या सोमवारी ते दवाखान्यात आले ते दोन पट्ट्या, दोन स्टुलं आणि शिशाची वजनं घेऊन. पट्ट्या मधोमध मोडून जोडलेल्या होत्या. एक रात्रभर सुकवून जोडलेली. एक पाण्यातून काढून, नुसती पुसून जोडलेली, तिच्यावर तीच दुधाळ रेष. त्यांनी वजनं लावायला सुरुवात केली. ओल्या जोडाची पट्टी दुसऱ्याच वजनाला गेली. आणि पट्टी मोडली नाही, जोड सुटला, दोन्ही कडा जशाच्या तशा, जणू कधी एकमेकींना चिकटल्याच नव्हत्या. सुक्या जोडाच्या पट्टीने सगळी वजनं घेतली. “दिसला?” जनूभाऊ म्हणाले. मी म्हणालो, “जनूभाऊ, त्या दिवशी...” त्यांनी वजनं पिशवीत भरायला घेतली. “पानी आत बसलेला असतो, डॉक्टर. वरनं पुसून जात नाय.” एवढं बोलून ते गेले. मी वाक्य पुरं केलं नाही. पुढे दहा वर्षं आम्ही रोज नाही तरी दिवसाआड भेटत होतो, म्हणजे वाक्य पुरं करायला मला हजार-दीड हजार संधी मिळाल्या.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. आमच्या घरात मी गोष्टी सांगणारा म्हणून प्रसिद्ध. कुठल्याही कार्यात पंगत उठली की पोरं भोवती जमतात, “दादा, ती कवळीची गोष्ट सांगा ना!” आणि मी सांगायचो. माझ्या गोष्टीत कवळी गुरुजींच्या तोंडातून उडायची आणि नवरदेवाच्या फेट्यात जाऊन बसायची. माझ्या गोष्टीत एक लॅबवाला असायचा, हळदीला नाचून आलेला, डुलत डुलत कवळी जोडणारा, आणि मी त्याचा आवाजसुद्धा काढायचो. लोक पोट धरून हसायचे. मिटलेली मूठ माझ्या गोष्टीत नव्हती. कुलूपही नव्हतं. बारा-पंधरा कार्यांत तरी मी ती सांगितली असेन, आणि इतकी घोटून घोटून, की शेवटी शेवटी मलाच ती खरी वाटायला लागली.

कोलशेतला दहाव्याला सगळे जमलो तेव्हा आम्हा डॉक्टरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ठाण्याचे मोठे डॉक्टर आधी बोलले. आता त्यांचेही केस पांढरे झालेत. गहिवरून म्हणाले, “माणसाकडून चूक होते. जनार्दनकडून एकदा मोठी झाली. पण ज्या धीराने त्याने ती कबूल केली, तो धीर मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.” समोर रेखा बसली होती, मान खाली घालून. मग माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. चांगला वक्ता आहे मी. हात जोडले, “ते माझे गुरू होते,” म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखाने शब्द फुटत नाहीयेत. शेजारच्याने माझ्या पाठीवर हातसुद्धा फिरवला.

तिथून परत डोंबिवलीला यायच्या ऐवजी मी खोपटला उतरलो. डेपोमागची चाळ तीच. गुरुजी आता ऐंशीच्या पुढे गेलेत, खाटेवर बसून वाचत होते, शेजारी चष्म्याची पेटी. जनूभाऊंनी दुसऱ्यांदा करून स्वतः आणून दिलेली कवळी अजून तोंडात होती, उच्चार अजून खणखणीत. “या डॉक्टर. आज बिनबोलावता?” मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कुलूप, डबा, दिवसभर पाणी, नॅपकिन, ‘लॅबमध्ये’. गुरुजींनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं होतं, ते बोट काढलं नाही. मग म्हणाले, “नाखवा कवळी द्यायला आला तेव्हा मी त्याला बसही म्हटलं नाही, डॉक्टर. दारातच हात पुढे केला. पाणी विचारलं नाही... आयुष्यात कुणाच्या दारात मला पाणी नाकारलं गेलं, ते मी पोरांना शिकवत आलो. आणि मी...” मी म्हणालो, “गुरुजी, माफ करा.” त्यावर ते एकदम मास्तर झाले. “मला तोंडी नको. तोंडी तुम्ही पुष्कळ बोलता, ऐकलंय मी. लिहून काढा. नाव घालून लिहा, त्याचंही आणि स्वतःचंही. मिलिंद रविवारची पुरवणी वाचतो. तुमचे ते मोठे डॉक्टरही वाचत असतील. लिहाल?” “लिहीन.” “कधी?” “या महिन्यात.” “बसा आता,” ते म्हणाले, “पाणी घ्या.”

म्हणून हे लिहिलं. माझं नाव वर छापलंय, त्यांचं मी पुन्हा लिहितो: जनार्दन नाखवा, कोलशेत. सोनवणे गुरुजींच्या कवळीचा जोड त्यांनी केला नव्हता. तो मी केला होता, ओल्या कडांवर, त्यांनी हात लावू नका म्हणून बजावलेलं असताना. पोरांनो, ती फेट्याची गोष्ट खोटी आहे, ती आता मागू नका.

काल हे कागद शैलाला वाचायला दिले. ती नेहमी माझं लिखाण वाचताना शुद्धलेखनाच्या चुका काढते, या खेपेला पेन्सिल घेतलीच नाही. शेवटचा कागद तिने खाली ठेवला. मला वाटलं, आता रागावणार, दहा वर्षं घरात लपवलं म्हणून.

“मी जूनमध्ये माहेरून आले,” ती म्हणाली, “तेव्हा तुम्ही मला सांगितलं होतंत की लॅबने घाई केली. दोन दिवसांनी जनूभाऊ वर आले चहाला. मी कप हातात देता देता त्यांना म्हटलं, ‘अहो, म्हाताऱ्या माणसाच्या घरचं कार्य होतं, तुम्ही एवढा हलगर्जीपणा कसा केलात?’”

“मग? काय म्हणाले?”

“काही नाही. चहा प्यायले. कप मोरीत नेऊन स्वतः विसळून ठेवला. त्यानंतर खाली दवाखान्यात यायचे, पण दहा वर्षांत एकदाही वर आले नाहीत. तुमच्या लक्षात आलं होतं?”

आलं नव्हतं.

तिने कागद गोळा केले, नीट एकावर एक लावले आणि माझ्यासमोर परत ठेवले. “तेही लिहा,” ती म्हणाली.